रिकामं वर्तुळ घेऊन शर्यतीला जा: थीमचे टी-शर्ट विकण्याची माझी पद्धत

शर्यतींच्या मैदानावर टी-शर्टचा स्टॉल लावायला लागले त्याआधी सहा हंगाम मी तिथेच वळणावर उभी राहून झेंडे दाखवत होते. मार्शल होते मी. पहाटे अंधारात पोचायचं, दिवसभर उभं राहायचं आणि संध्याकाळी कानात इंजिनं घेऊन घरी यायचं. त्या सहा हंगामांत एक गोष्ट पक्की ध्यानात आली. स्टॉलवर लटकणारे सगळे टी-शर्ट मोठ्या नावांचे असायचे, आणि मैदानावर राबणाऱ्या, पोरासाठी रात्र-रात्र जागून गाडी तयार करणाऱ्या माणसांचं त्यावर काहीच नसायचं.

माझा सगळा धंदा याच जागेवर उभा आहे. जगप्रसिद्ध ड्रायव्हरच्या चाहत्यांमागे लागू नका, त्यांच्यासाठी परवाना घेतलेले मोठे विक्रेते बसलेले आहेत. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ३१ नंबरची कार्ट (शर्यतीची लहान उघडी गाडी) चालवणाऱ्या पोराची आई, हाताला ग्रीस लागलेला मेकॅनिक, स्टॉपवॉच गळ्यात अडकवलेली टायमिंगवाली मुलगी आणि वळणावरचा मार्शल. त्यांच्यासाठी छापलंत तर माल उरत नाही.

कुठे जायचं

फॉर्म्युला वन किंवा मोटोजीपीसारख्या जागतिक मालिकांमध्ये माल विकण्याचे हक्क आधीच करारानं दिलेले असतात. तिथे लहान विक्रेत्याला आत जागा मिळणं जवळपास अशक्य, आणि फाटकाबाहेर परवानगीशिवाय उभं राहणं म्हणजे माल जप्त करून घेण्याची तयारी. क्लबच्या पातळीवर बघा: कार्टिंग, ऑटोक्रॉस, हिल क्लाइंब, मोटोक्रॉस, ड्रॅग, जुन्या गाड्यांचे मेळावे. गर्दी कमी, पण आलेला प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा माणूस असतो. रॅलीत प्रेक्षक मैलोन्‌मैल विखुरलेले असतात, म्हणून तिथे स्टेजच्या, म्हणजे शर्यतीच्या रस्त्याच्या, कडेला बसू नका; जिथे गाड्या दुरुस्तीला परत येतात त्या सर्व्हिस पार्कमध्ये जागा मागा.

आयोजकांशी दोन महिने आधी बोला आणि सगळं लेखी घ्या. भाडं किती, विक्रीवर टक्केवारी आहे का, वीज मिळेल का, जनरेटर चालतो का, विमा आणि आग विझवायचं सिलिंडर लागतं का, दुसरा टी-शर्टवाला आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. दोन स्टॉल शेजारी आले की दोघांचाही दिवस जातो.

काय छापायचं नाही

हे आधी, कारण यात चूक झाली तर बाकीचं सगळं वाया जातं. संघांची चिन्हं, गाडी कंपन्यांचे बिल्ले, मालिकांचे लोगो, प्रायोजकांची नावं, ड्रायव्हरचं नाव, चेहरा, हेल्मेटची रंगसंगती यांपैकी काहीही लेखी परवानगीशिवाय वापरू नका. ‘थोडं बदललंय’ हा बचाव चालत नाही. काही गाड्यांचा नुसता आकारही कंपन्यांनी नोंदवून ठेवलेला असतो. नुसता आकडा सहसा कुणाच्या मालकीचा नसतो, पण एखाद्या रायडरनं विशिष्ट वळणानं काढलेला आकडा त्याचा ट्रेडमार्क असू शकतो. तुमचे आकडे तुमच्या स्वतःच्या वळणाचे असू द्या. आणि अक्षरांचा फाँट विकत घेताना व्यापारी वापराची मुभा आहे ना, तेही वाचा. स्पर्धेचं नावसुद्धा आयोजकांचं असतं. लहान क्लब ते बहुधा आनंदानं वापरू देतात. मी बदल्यात त्यांच्या मार्शलांना टी-शर्ट देते.

मग छापायचं काय

जे मैदानावरचा माणूस ओळखतो आणि बाहेरचा विचारतो ते. माझा सर्वांत जास्त खपलेला टी-शर्ट काळा आहे, छातीवर एक मोठा नारिंगी गोल, बस. बाकी एक अक्षर नाही. काळ्या झेंड्यावरचा नारिंगी गोल म्हणजे ‘तुझ्या गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी) ये’. मेकॅनिक लांबून तो बघतात आणि सरळ पाकीट काढतात. लाल-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा रस्ता निसरडा असल्याचा, निळा मागून येणाऱ्या वेगवान गाडीचा. या झेंड्यांचे अर्थ कुणाच्या मालकीचे नाहीत आणि ज्यांना कळतात त्यांना त्यांचा अभिमान असतो.

दुसरी खाण म्हणजे जुना काळ. १९६८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर प्रायोजकांचे रंग सुरू झाले. त्याआधी गाडी देशाच्या रंगात यायची: इटली लाल, फ्रान्स निळा, ब्रिटन हिरवा, जर्मनी आधी पांढरा आणि पुढे रुपेरी. हिरव्याची गोष्ट मी स्टॉलवर आवडीनं सांगते. १९०३ चा गॉर्डन बेनेट कप आयर्लंडमध्ये झाला, तेव्हा यजमान भूमीचा मान म्हणून ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या गेल्या. गडद हिरवा कपडा, त्यावर पांढरं वर्तुळ आणि वर्तुळात आकडा, एवढ्यानं तो सगळा काळ उभा राहतो आणि एकही लोगो लागत नाही.

तारीख छापायचा मोह आवरा. तारखेचा टी-शर्ट दुसऱ्या दिवशी शिळा होतो. आगाऊ पैसे घेतलेल्या ऑर्डरवरच तारीख टाका.

मार्शलांसाठी वेगळा विचार

हे मी तिथे उभी राहिलेय म्हणून पोटतिडकीनं सांगते. मार्शलांना लाल किंवा पिवळा टी-शर्ट विकू नका. दोनशेच्या वेगानं येणाऱ्या ड्रायव्हरला वळणावर लाल-पिवळं काही हललेलं दिसलं तर तो झेंडा समजू शकतो. आणि पॉलिएस्टर देऊ नका. आगीजवळ ते वितळून कातडीला चिकटतं. सुती कपडा जळतो, पण वितळत नाही. मार्शलांच्या ऑर्डरला मी शंभर टक्के कॉटनच देते, गडद निळं किंवा राखाडी. याच कारणासाठी स्टॉलची ट्रॅककडची बाजूही साधी ठेवा, तिथे लाल-पिवळे कापडी फलक लटकवू नका.

कापड आणि छपाई

मोठ्यांसाठी १८० जीएसएमचं (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं) कोम्ब्ड, म्हणजे विंचरलेल्या धाग्याचं, कॉटन घ्या. १६० उन्हात बरं वाटतं, पण पांढऱ्यातून आरपार दिसतं. २०० च्या वरचं थंडीत चालतं. नवा पुरवठादार असेल तर एक नग धुऊन वाळवून मोजा. आधी आटवलेलं नसेल तर कॉटन तीन ते पाच टक्के सहज आटतं, आणि एलचा एम झाला की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

एक-दोन रंगांचं डिझाइन आणि तीस-चाळीसच्या वर नग असतील तर स्क्रीन प्रिंटिंगला, म्हणजे जाळीतून शाई ओढून छापण्याला, तोड नाही. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून रंग वाढले की खर्च वाढतो. काळ्या कपड्यावर नारिंगी थेट मारली तर ती मातकट दिसते. आधी पांढरा बेस, तो जरा सुकवून मग वर रंग. प्लास्टिसॉल शाई (उष्णतेनं पक्की होणारी प्लास्टिकची शाई) थराच्या तळापर्यंत साधारण १६० अंश सेल्सियसला पोचली पाहिजे. वरून कोरडी लागते म्हणून फसू नका. थंड झाल्यावर छपाई दोन्ही हातांनी ताणा. बारीक भेगा पडल्या तर शाई कच्ची आहे, पहिल्या-दुसऱ्या धुण्यात निघणार. बारा-पंधरा नग आणि डिझाइनमध्ये खूप रंग असतील तर डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेनं कपड्यावर उतरवायची छपाई) बरं, पण मोठा भरीव आकार त्यात मेणकापडासारखा लागतो, घामात चिकटतो. सब्लिमेशन (उष्णतेनं रंग धाग्यात मुरवायची छपाई) फक्त फिक्या पॉलिएस्टरवर बसतं, त्यामुळे माझ्या कामाचं नाही.

रिकामं वर्तुळ

पहिल्या वर्षी एका कार्टिंगच्या शर्यतीला मी पाच टी-शर्ट घेऊन गेले होते, सगळ्यांवर पांढऱ्या वर्तुळात २७. दहा वर्षांच्या एका मुलाच्या घरच्यांची ऑर्डर होती: आई, वडील, आजोबा, बहीण आणि तो स्वतः. सकाळी नोंदणीला कळलं की त्याच गटात आणखी एकाला २७ दिलाय. उशिरा नाव दिल्यामुळे या मुलाला बदलून ५८ मिळाला. आई स्टॉलवर आली, टी-शर्ट उलगडून बघितला, पुन्हा नीट घडी घातली आणि म्हणाली, “पैसे राहू द्या, पण हा आता आम्ही घालायचा कसा?” मी पैसे परत केले. दिवसभर ते पाच टी-शर्ट टेबलाखाली होते आणि ते कुटुंब समोरच्या कठड्याला साध्या कपड्यांत उभं होतं.

तेव्हापासून आकडा मी घरी छापत नाही. डिझाइन स्क्रीननं आधी छापून नेते, वर्तुळ रिकामं ठेवते आणि आकडा तिथेच, गिऱ्हाईकासमोर, हीट प्रेसनं (तापलेल्या प्लेटखाली दाबायच्या यंत्रानं) लावते. त्यातही एक धडा मिळाला. सुरुवातीला वर्तुळ भरीव पांढरं छापून त्यावर काळा विनाइलचा (उष्णतेनं कपड्याला चिकटणाऱ्या पातळ प्लास्टिकचा) आकडा दाबायचे. शाईवर विनाइलची पकड कच्ची राहते. चार धुण्यांत कडा उचलल्या. आता नुसती कड छापते, आत कोरा कपडा, आणि त्या कपड्यावर थेट पांढरा आकडा. कपड्याच्या धाग्यात विनाइल घट्ट बसतं. प्रेसची प्लेट वर्तुळाच्या कडेवर येते तेव्हा शाई मऊ होऊन चिकटू नये म्हणून मध्ये टेफ्लॉनचा कागद ठेवते.

कृती अशी. टी-शर्ट प्रेसवर ताठ पसरा, शिवण आणि बटणं प्लेटखाली येऊ देऊ नका, नाहीतर दाब सगळीकडे सारखा बसत नाही. आधी आकड्याशिवाय चार-पाच सेकंद दाबा. कपड्यातली दमट हवा निघून जाते, आणि मैदानावर सकाळी दव असतंच. मग आकडा ठेवा. वर्तुळाचा मध्य डोळ्यांनी काढू नका. मी पुठ्ठ्याचा एक गोल कापून त्यात आकड्यांच्या खाचा केल्यात, तो वर्तुळावर बसवला की आकडा जागच्या जागी जातो. तापमान १५० ते १६० अंश, वेळ दहा ते पंधरा सेकंद. नक्की किती ते तुमच्या विनाइलच्या पाकिटावर असतं, त्यावर विश्वास ठेवा. वरची फिल्म काही विनाइलची गरम असतानाच काढायची असते, काहींची थंड झाल्यावर. उलट केलंत तर आकडाही फिल्मबरोबर वर येतो.

आकडे घरूनच कापून आणि जादा विनाइल सोलून न्या. मैदानावर वाऱ्यात, धुळीत चिमट्यानं विनाइल सोलणं म्हणजे वेळेची नासाडी. कापताना आरसा-प्रतिमा करायला विसरू नका, कारण विनाइल उलट्या बाजूनं कापलं जातं. आणि आकड्यांचं वळण निवडताना ६ उलटा केला की ९ व्हावा असं निवडा. दोन्हींसाठी एकच साठा पुरतो. किती न्यायचे? आयोजक स्पर्धकांची यादी काही दिवस आधी लावतात. ती समोर घेऊन बसा आणि कुठला अंक किती वेळा येतो ते मोजा. प्रत्येक स्पर्धकामागे तीन टी-शर्टांचा हिशेब धरून मी आकडे कापते, १ जरा जास्तच.

यादीचा दुसरा उपयोग आगाऊ ऑर्डरसाठी. घरोघरी फोन करत सुटू नका, लोकांचे नंबर तुमच्याकडे देणं हे आयोजकांचं काम नाही. त्यांच्याच सूचनापत्रात दोन ओळी टाकायला सांगा, ज्यांना हवं ते तुमच्याकडे येतील. निम्मे पैसे आधी घ्या. नाव टाकायचं असेल तर स्पेलिंग गिऱ्हाईकाकडून लिहून घ्या, ऐकून कधीच नाही.

विजेचं बघा. ३८ बाय ३८ सेंटिमीटरचा प्रेस साधारण १८०० वॅट ओढतो. दोन किलोवॅटचा जनरेटर कागदावर पुरतो, प्रत्यक्षात धापा टाकतो, तीनचा घ्या. आयोजकांची वीज मिळाली तर जाड वायरचा बोर्ड स्वतःचा न्या. लांब, बारीक वायरनं विजेचा दाब कमी होतो, प्लेट तापायला वेळ लागतो आणि पहिला आकडा नीट, चौथा कच्चा असं होतं.

किती माल, कुठले साइझ

पहिल्या वेळी दोन डिझाइन आणि एकूण पन्नास-साठ नग. जास्त नको. पन्नासांत माझी वाटणी अशी: एस ५, एम १२, एल १५, एक्सएल ११, दोन एक्सएल ५, तीन एक्सएल २. मोठे साइझ टाळू नका. मेकॅनिक मंडळी अंगापिंडानं दणकट असतात आणि त्यांच्या मापाचं कुणी आणत नाही. मुलांचे साइझ कार्टिंगला निम्मे न्या, बाकी ठिकाणी दहा-बारा पुरतात. छातीची रुंदी इंचात लिहिलेला तक्ता टांगा, आणि प्रत्येक साइझचा एक उघडा नमुना ठेवा, अंगाला लावून बघायला. बाकी सगळा माल पिशवीबंद. मोटोक्रॉसची धूळ दुपारपर्यंत पांढऱ्याचा खाकी करते.

रात्रभर चालणाऱ्या शर्यतीला गणित बदलतं. ले मान्सची २४ तासांची शर्यत १९२३ पासून चालू आहे आणि तिच्या धर्तीवर लहान क्लबही लांब शर्यती भरवतात. मध्यरात्रीनंतर गारठा पडला की लांब बाह्यांचे आणि हुडीच विकले जातात.

शर्यतीचा दिवस

सकाळी प्रवेशद्वारापाशी गर्दी असते, पण ती जागा पकडायला धावत असते. कुणाला हातात पिशवी नको असते. मला पॅडॉक (गाड्या आणि संघांचा तळ) आणि खाण्याच्या स्टॉलांमधला रस्ता आवडतो, तिथून माणूस दिवसात चार वेळा जातो. विक्री होते ती दोन शर्यतींच्या मधल्या वेळात, दुपारी आणि बक्षिसं झाल्यावर. लाल झेंडा लागून शर्यत थांबली की पाच मिनिटांत स्टॉलला गराडा पडतो, म्हणून प्रेस दिवसभर गरम ठेवा. सकाळच्या गिऱ्हाईकाला सांगा, “पैसे आता द्या, टी-शर्ट जाताना न्या.” क्रमांकाची चिठ्ठी फाडून अर्धी त्याला, अर्धी पिशवीला टाचायची. या एका सोयीनं माझी सकाळ बदलली.

इंजिनं चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही. किंमत, साइझ, ‘तुमचा आकडा ५ मिनिटांत’ हे सगळं हातभर अक्षरांत लिहा, म्हणजे गिऱ्हाईक बोटानं दाखवून खरेदी करू शकतं. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं, म्हणून सुट्टे पैसे भरपूर ठेवा. मंडपाच्या प्रत्येक पायाला वाळूची पिशवी बांधा. मोकळ्या मैदानावरचा वारा तीन बाय तीन मीटरचा मंडप सहज उचलतो, आणि तो उडून ट्रॅकवर गेला तर शर्यत थांबते. पाऊस आला तर माल झाका, पण स्टॉल गुंडाळू नका. भिजलेला माणूस कोरडा टी-शर्ट शोधत असतो.

पैशाचं गणित

कोरा टी-शर्ट, छपाई, विनाइल, पिशवी आणि शंभरात चार-पाच बिघडलेले नग, हे मिळून एका नगाचा खर्च. विक्रीच्या किमतीतून तो वजा केला की राहतं ते तुमचं. आता भाडं, प्रवास, वीज आणि सोबतच्या माणसाचा रोज यांची बेरीज करा आणि त्या उरलेल्या रकमेनं भागा. उत्तर आलं चाळीस, तर चाळीस टी-शर्ट विकेपर्यंत तुम्ही फुकट काम करताय. पन्नास नेऊन चाळीसला बरोबरी होत असेल तर त्या शर्यतीला जाऊ नका किंवा भाडं कमी करून मागा. आकडा लावायचे वेगळे पैसे घ्या. पाच मिनिटांचं कसबी काम आहे ते, आणि लोक खुशीनं देतात.

शेवटच्या तासाला किंमत पाडू नका. तारीख नसलेला माल पुढच्या महिन्यात पुऱ्या किमतीला जातो, आणि एकदा पाडलीत की नेहमीची माणसं संध्याकाळचीच वाट बघतात.

त्या मुलाची आई पुढच्या हंगामात परत आली. मुलाला तेव्हा १४ मिळाला होता. तिनं पाच हिरवे टी-शर्ट निवडले, मी एकेक करून आकडे दाबले. शेवटचा निघाला तेव्हा तिनं तो थंड व्हायची वाट न बघता तसाच गरम छातीशी धरला आणि कठड्याकडे धावली, कारण गाड्या ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, लागत होत्या. आजोबांचा टी-शर्ट टेबलावरच राहिला. माझ्या भावाला प्रेसपाशी बसवून मी तो पोचवून आले.

रात्री घरी आलं की आधी प्लेट पुसायची, टेफ्लॉनचा कागद सपाट ठेवायचा आणि उरलेले अंक डब्यांत लावायचे. शून्याचा डबा बहुतेक भरलेला असतो, एकचा रिकामा. पुढच्या शर्यतीची यादी आली असेल तर मी तिथेच विनाइल कापायचं कटर लावते.